आठवड्याचा नको, हंगामाचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई सोलापूरच्या, वय बत्तीस, बॉयलरची उपकरणं पुरवणाऱ्या एका कंपनीत तांत्रिक सल्लागार. महिन्यातले निम्मे दिवस साखर कारखान्यांवर जातात. घरी नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. लग्नाआधी पुण्यात असताना दर पंधरवड्याला एखादा गड व्हायचा, सोलापुरात आल्यापासून एकही झालेला नाही. सकाळचं चालणं सुटलं, जेवणाच्या वेळा राहिल्या नाहीत आणि घरी परतल्यावर पहिल्या तासातच कुणाचं तरी बिनसतं. शेवटी त्या विचारतात, "ताई, नोकरी सोडू की गड सोडू?"

मी सोलापुरात राहून साखर कारखाने आणि सूतगिरण्यांची ऊर्जा लेखापरीक्षणं करते. बॉयलर किती बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळतो, वाफ कुठे वाया जाते, त्याच वाफेवर वीज करणाऱ्या सहवीज प्रकल्पातून ग्रिडला जायच्या आधी वीज कुठे गळते, हे मोजायचं काम. ते कारखाना चालू असतानाच करावं लागतं, त्यामुळे वीसेक वर्षं माझेही हिवाळे गेस्ट हाऊसमध्येच गेले. तुमचं नि माझं वेळापत्रक जवळपास एकच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सध्या दोन्हीपैकी काहीच सोडू नका. ऊस गाळपाचा एक हंगाम आणि त्यानंतरचा एक बिगरहंगाम पूर्ण होऊ द्या, मग ठरवा. आठवड्याचा तोल साधायचा नाद मात्र आजच सोडा. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, शनिवार मुलाचा, रविवार आपला, ही आखणी रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाची आहे. दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटला, की मार्चपर्यंत तुमचे दिवस तुमच्या हातात नसतात. गाळप चोवीस तास चालतं. बॉयलर अडखळला की ऊस टाकायच्या गव्हाणीपुढे ट्रॅक्टरची रांग लागते, तोडलेला ऊस वाळून वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, मग चीफ इंजिनिअर रात्री दीडला फोन करतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. अशा महिन्यांत केलेलं आठवड्याचं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात मोडतं आणि मोडलं की अपराधी वाटत राहतं. अर्धी चिडचिड त्या अपराधीपणाची असते, प्रवासाची नव्हे.

एप्रिल ते सप्टेंबर काम नसतं असं नाही. ओव्हरहॉलिंग असतं, कोटेशन असतात, प्रशिक्षणं असतात. पण त्यांच्या तारखा आपण सुचवू शकतो, फरक तेवढाच आणि तो फार मोठा आहे. तेव्हा वर्षाला दोन वेगळी वेळापत्रकं करा. हंगामात फार थोडं सांभाळायचं, पण ते काटेकोर. बिगरहंगामात राहिलेलं सगळं वसूल करायचं, गडसुद्धा.

हंगामात मी तीनच गोष्टी धरून ठेवते. पहिली झोप. रात्रीचं मोजमाप असेल तर दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी बैठक ठेवत नाही, हे पहिल्याच फोनवर सांगून टाकते. दुसरी सकाळची अर्ध्या तासाची चाल. कारखान्याची वसाहत हे चालायला उत्तम ठिकाण आहे. झाडं असतात, रस्ता सपाट असतो, सुरक्षारक्षक ओळखीचे होतात. पहाटे मळीचा वास अंगावर येतो खरा, पण त्याचीही सवय होते. सोलापुरात असले की सिद्धेश्वर तलावाच्या काठाने तेवढाच वेळ. जागा बदलते, वेळ बदलत नाही. तिसरी गोष्ट घरचा फोन, त्याबद्दल पुढे.

जेवणाचं म्हणाल तर गेस्ट हाऊसचा आचारी पाहुण्याला उपाशी ठेवत नाही, उलट उशिरा आणि जड जेवण वाढतो. त्याला आल्या आल्या सांगायचं, आठ वाजता एक भाकरी, एक भाजी, बाकी काही नको. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेहमी असू द्या. आपल्याकडची कडक भाकरी डब्यात कितीतरी दिवस टिकते, आणि मध्यरात्री बॉयलर हाऊसमधून परत आल्यावर दह्यात चुरून खाल्ली की वेफरच्या पुड्याकडे हात जात नाही. चहाचा मात्र उपाय मला आजवर सापडलेला नाही. साखर कारखान्यात बिनसाखरेचा चहा मागितला की समोरचा माणूस दुखावतो. मी आता अर्धा कप म्हणते आणि गप्प बसते.

आता घर. तुम्ही लिहिलंय की रोज फोन करता, तरी मुलगा बोलत नाही, "हं हं" करून आजीकडे फोन देतो. सहा वर्षांच्या मुलाला "जेवलास का, अभ्यास झाला का" याचं उत्तर द्यायला काय मजा येणार? त्याला तुमच्या कामातलं काहीतरी द्या. माझी मुलगी लहान होती तेव्हा आमचा खेळ असा होता की आज यार्डात उसाच्या किती ट्रॉल्या उभ्या असतील याचा तिने अंदाज करायचा आणि मी संध्याकाळी मोजून सांगायचं. ती जवळपास आली की दुसऱ्या दिवशीचा प्रश्न ती विचारायची. पाच मिनिटांचा फोन, पण तो तिचा होता. वेळ ठरलेली ठेवा आणि ती कारखान्यालाही माहीत असू द्या. सव्वाआठला मॅडम फोनवर असतात हे दोन भेटींत सगळ्यांना कळतं, मग कुणी अडवत नाही.

सोलापूरच्या घराचं खरं वेळापत्रक कॅलेंडरवर नसतं, ते नळावर असतं. काही दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी टाकी, पिंप, कपडे, फरशी सगळं एकदम निघतं. सासूबाईंची चिडचिड तुम्ही सविस्तर लिहिली आहे, पण त्या कोणत्या दिवशी जास्त चिडतात हे पाहिलंत का? माझा अंदाज, पाण्याच्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही घरी असाल अशी टूर प्रत्येक वेळी लावता येणार नाही. पण त्या दिवसाचं काम नवऱ्याच्या नावावर स्पष्ट लिहून जाणं जमेल, किंवा त्या दिवसापुरती मदतनीस वाढवणं जमेल. "सगळ्यांनी मिळून बघा" असं सांगून गेलात की ते सासूबाईंनीच बघायचं असा अर्थ होतो.

परतल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल माझं मत ठाम आहे. तुम्ही नसताना घर चाललेलं असतं, त्यांच्या पद्धतीने. डबा वेगळा भरलेला असतो, मुलाची झोपायची वेळ सरकलेली असते. दारातून आत येताच ते दुरुस्त करायला लागलात की तुम्ही घरच्या न राहता तपासणीला आलेल्या साहेब होता. आपल्या धंद्यात लोक ज्याला टाळतात, तो. पहिल्या दिवशी काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी निम्म्या गोष्टी तशाही बोलाव्याशा वाटत नाहीत.

गाडी कोणती धरता यानेही फरक पडतो. मुंबईच्या मुख्यालयात बैठक असली की बहुतेक जण वंदे भारत घेतात, २०२३ पासून ती सोय झाली आहे. दुपारी मुंबईहून निघून रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सोलापूर. लवकर पोचल्यासारखं वाटतं, पण मुलगा झोपलेला असतो आणि घरचे तुमच्यासाठी जागे राहिलेले असतात. मी सिद्धेश्वर एक्सप्रेस घेते. रात्री झोपून यायचं, सकाळी सहा-साडेसहाला स्टेशनवर उतरायचं आणि मुलाला शाळेत सोडायला आपण जायचं. त्याच्या लेखी आई सकाळी आली म्हणजे अख्खा दिवस आली. पुण्याहून येताना हे जमत नाही, सिद्धेश्वर तिथे अपरात्री येते. तिथून संध्याकाळची हुतात्मा बरी.

रविवारी रात्री निघायचं बंद करा. सोमवारी सकाळी नऊला कारखान्यावर हजर असलंच पाहिजे असा नियम क्वचितच कुणी लिहून ठेवलेला असतो, तो आपणच पाळत असतो. अकलूज, माळीनगर, पंढरपूर, करमाळा, सगळीकडे सोमवारी सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं. साहेबांकडे मागायच्या गोष्टी दोनच. तीन आठवडे आधी टूरचा कच्चा आराखडा आणि एका पट्ट्यातले कारखाने एकाच फेरीत. आज माळशिरस, परवा कोल्हापूर, तेरवा पुन्हा सांगोला अशा फेऱ्यांत जो वेळ जातो तो कुणाच्याच कामाचा नसतो. हे मागताना घरची अडचण सांगू नका, डिझेलचा खर्च सांगा. लवकर पटतं.

वर्षाच्या सुरुवातीलाच काही दिवस लाल करून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा येते आणि ती नेमकी ऐन गाळपात येते. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी सोलापूरच्या माणसाला घरी राहायचं असतं हे बाहेरच्या साहेबाला कळत नाही, म्हणून आधीच सांगायचं. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरकडे काम लावू नका. खोली मिळणार नाही, रस्ता मिळणार नाही आणि मिळाला तर तो वारकऱ्यांचा असतो.

आता गड. तुमचे गड नोकरीमुळे सुटले असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं ते भूगोलामुळे सुटले. पुण्यात राहणारा ट्रेकर शनिवारी रात्री निघतो, रविवारी संध्याकाळी घरी. तुम्ही त्याच गटाबरोबर जायचं म्हणजे आधी अडीचशे किलोमीटर पुणे आणि परत अडीचशे किलोमीटर सोलापूर, म्हणजे राजगडासाठी दोन रात्रींची झोप आणि घरचा संपूर्ण शनिवार-रविवार. हंगामातून आलेल्या शरीराला हे परवडत नाही आणि घरालाही नाही. तो व्हॉट्सॲप गट निदान मार्चपर्यंत म्यूट करा. दर सोमवारी लोकांचे माथ्यावरचे फोटो बघून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

त्याऐवजी टूर जिथे नेते तिथलं काय आहे ते बघा. तुमच्या नोकरीने तुम्हाला जवळजवळ अख्खा सह्याद्रीचा पायथा फुकटात दिला आहे. साताऱ्याला मुक्काम असेल तर अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावरच आहे, सकाळी चढून उतरून नऊला कामावर जाता येतं. कोल्हापूर पट्ट्यात काम असेल तर पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आणि त्याच्या पुढचं मसाई पठार चालायला पन्हाळ्याहून सुंदर. मिरजेकडे दंडोबाचा डोंगर. अकोले-संगमनेरच्या बाजूला गेलात तर कळसूबाई, १६४६ मीटर, बारी गावातून शिड्यांच्या वाटेने, पण त्याला पूर्ण दिवस द्या. वासोट्याचा विचार असेल तर पावसाळा संपल्यावरच. बामणोलीहून बोट आणि वनखात्याची परवानगी लागते, कामाच्या आधीच्या सकाळी उरकायचा तो गड नव्हे.

आणि एक जागा सोलापूरकरांनी फारच दुर्लक्षित ठेवली आहे, ती म्हणजे बदामी. सोलापूरहून विजयपूर, बागलकोट करत रेल्वे बदामीला जाते. बागलकोट-मुधोळकडे साखर कारखाने भरपूर, म्हणजे तुमचं जाणं होतच असणार. लेणी आणि अगस्त्य तीर्थ सगळे बघतात, पण तिथले लाल वालुकाश्माचे कडे हे देशातल्या प्रस्तरारोहणाच्या नावाजलेल्या ठिकाणांपैकी आहेत. आपल्या बसाल्टवर चढलेल्या माणसाला तो खडक वेगळाच लागतो, आडव्या पकडी खूप आणि बोटांना घट्ट. हिवाळ्यात तिथे चढणाऱ्यांचा राबता असतो. माहितगार आणि दोर बरोबर असेल तर एक दिवस ठेवाच.

हे सगळं टूरला जोडताना एक नियम कडक पाळा. गड टूरच्या सुरुवातीला किंवा मध्ये, शेवटी कधीच नाही. लोक नेमकं उलट करतात, काम संपलं की गड करून घरी. पण काम वेळेवर संपत नाही, मग गड घाईत होतो, उतरेपर्यंत अंधार पडतो, दमलेल्या अवस्थेत गाडी चालवून मध्यरात्री घर. शिवाय शेवटचा दिवस घरच्यांनी धरलेला असतो, त्यातून तुम्ही काढून घेतलात तर तो गडाच्या नावावर राग म्हणून साठतो. मध्ये संधी मिळतेच. गाळप मध्येच सफाईसाठी थांबतं, तेव्हा आपल्यालाही मोजायला काही नसतं. लोक त्या दिवशी गेस्ट हाऊसवर मोबाइल बघत पडतात. माझे बरेचसे डोंगर त्या दिवसांत झाले.

एकटीने जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगते. सकाळी जा, संध्याकाळी नाही. कारखान्यातल्या एखाद्या माणसाला कोणता डोंगर आणि किती वाजता परत हे सांगून जा. शक्यतो गावातला वाटाड्या घ्या, त्याला पैसे द्या. आणि हंगामात रात्री गाडी चालवू नका, चालकाबरोबरसुद्धा नको. मोहोळ-पंढरपूर, टेंभुर्णी-अकलूज या रस्त्यांवर अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरवर चिखल असतो, आणि समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की ती ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. कडा चढण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे असं मी अतिशयोक्ती न करता म्हणते.

सोलापुरात घरी असतानाचं साहस वेगळं ठेवा, लहान आणि घरच्यांसकट. हिप्परग्याच्या तलावापर्यंत सकाळी सायकल. हिवाळ्यात नान्नजचं अभयारण्य, १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं. माळढोक दिसेल अशी आशा धरून जाऊ नका, पण काळवीट दिसतात, माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी घिरट्या घालतात, आणि नशीब असेल तर लांडगा. वनखात्याच्या नियमांची आधी चौकशी करा. पावसाळ्यात येडशीचा रामलिंग घाट. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी नऊनंतर उघड्यावर राहायचं नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असताना किल्ल्यावर जाण्यात शौर्य नाही.

मोठं स्वप्न असेल तर ते मे-जूनमध्ये बसवा. हिमालयातल्या बऱ्याच वाटा तेव्हा खुल्या होतात, आपल्याकडे कारखाने थंड झालेले असतात आणि शाळेलाही सुट्टी असते. वर्षातून एकदा आठ-दहा दिवस, ऑक्टोबरमध्येच घरी सांगून ठेवलेले. त्यासाठी पैसा दौऱ्याच्या भत्त्यातून बाजूला काढा, वेगळ्या खात्यात. गेस्ट हाऊसवर राहून जे वाचतं ते घरखर्चात मिसळलं की दिसत नाही, आणि मग हिमालय म्हणजे घराच्या पैशांची उधळपट्टी ठरते.

एवढं करूनही पुढच्या सप्टेंबरमध्ये तुम्हाला बॅग भरताना पोटात गोळा येत असेल, तर मग नोकरीचा विचार करा. सोडायचा नव्हे, बदलायचा. आपल्या क्षेत्रात डिझाइन आणि अहवालाकडे वळणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, ज्यांना चालू कारखान्याचा अनुभव आहे त्यांना तिथे मान मिळतो. पण मार्च महिन्यात, हंगाम संपताना, हा निर्णय घेऊ नका. मार्चमध्ये मलाही दरवर्षी राजीनामा लिहावासा वाटतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलाला पहिला किल्ला कोणता दाखवू. नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोचता, चढ नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाला समजेल असं तिथे काहीतरी आहे. बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. नदी भरून वाहते तेव्हा नर आणि मादी हे दोन धबधबे महालावरून कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. मात्र ते धबधबे सांडव्यावरून पाणी चाललं तरच असतात, म्हणून निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून विचारा. पावसाळ्यातल्या रविवारी गर्दी भयंकर असते, मधला वार धरा. दगड शेवाळलेले असतात, मुलाच्या पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. पाणी आणि खाणं घरूनच न्या, आणि उपल्या बुरुजाच्या पायऱ्या त्याला पुढे घालून चढा.